सूर्यवंशी ताईंचा रविवार

एप्रिल लागला की आमच्या महाविद्यालयात कूलरना नवा वाळा बसवतात. त्या ओल्या वाळ्याचा वास व्हरांड्यात पसरला की पूर्वी मला छान वाटायचं. परीक्षा म्हणजे आमच्यासाठी तशी निवांतपणाची वेळ. शिकवणं संपलेलं, पोरं गप्प बसलेली, बाकांवर खडूनं नंबर टाकलेले, आणि आपण हात मागे बांधून वर्गातून फिरायचं. आता पन्नाशी उलटली, शिकवून शिकवून घसा बसला, आणि परीक्षेची भीती मला आत्ता कुठे वाटायला लागली आहे. तो वास आला की मी मोबाईल पर्समधून काढून पुन्हा पर्समध्ये ठेवते.

परवा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, दोन पानं लिहून द्या. ऑनलाइन वर्गात ग्रुपच्या मदतीनं विद्यार्थ्यांमध्ये आपुलकी कशी निर्माण करावी. नव्या प्राध्यापकांना वाटायची आहेत. या बाबतीत तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?"

खरं आहे. कुणालाच नाही.

दोन दिवस मी त्या दोन पानांपुढे बसून आहे. आमचं घर विष्णुपुरीच्या अंगाला. गॅलरीतून धरणाचं पाणी दिसतं. या दिवसांत ते रोज थोडं थोडं मागे सरकतं आणि काठाची भेगाळलेली माती वर येते. पावसाळ्यात जिथं पाणीच पाणी असतं तिथं आता शेरडं चरताहेत. पाण्याखाली काय काय होतं ते उन्हाळ्यात कळतं. असं काहीतरी त्या पानांवर लिहिलं तर प्राचार्य म्हणतील, मॅडमची तब्येत बरी नाही.

मी समाजशास्त्र शिकवते. हे वाक्य पूर्वी मी मान ताठ ठेवून सांगायची. महासाथीच्या दिवसांत घराघरात मोबाईलवर वर्ग सुरू झाले आणि नंतर आमच्या महाविद्यालयानं नोकरदारांसाठी पदवीचा अख्खा अभ्यासक्रमच ऑनलाइन केला. शिकवणी मोबाईलवर, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. माझ्या तुकडीत वीस जण होते. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतून विखुरलेले, सगळे तिशी-चाळिशीतले, कुणी दुकानात, कुणी नोकरीत, कुणी पोरंबाळं सांभाळून शिकणारे. डेटा वाचवायला सगळे कॅमेरा बंद ठेवत. मी तास-तास काळ्या चौकोनांशी बोलायची. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं, फरक एवढाच की विहिरीतून निदान आपला आवाज तरी परत येतो.

ग्रुप काढला तर तिथंही तीच गत. मी काही लिहिलं की वीस अंगठे. "उद्या चाचणी आहे." अंगठे. "चाचणी रद्द झाली आहे." अंगठे. एकदा चिडून मी लिहिलं, "माझं डोकं दुखतंय." त्यालाही तिघांनी अंगठा दिला.

मग मला ती युक्ती सुचली. हजेरी घ्यायची, पण 'हजर' म्हणायचं नाही. रोज सकाळी मी एकच प्रश्न टाकायचा: आज तुमच्या दारातून काय दिसतं? ज्याला जे दिसेल ते त्यानं लिहायचं, फोटो टाकायचा, नाहीतर बोलून पाठवायचं. पहिले चार दिवस लोक लाजले. पाचव्या दिवशी निलंग्याच्या नागनाथनं सुरुवात केली. नागनाथ एसटीत कंडक्टर. त्यानं लिहिलं, "मॅडम, माझ्या दारातून रोज नवं गाव दिसतं, कारण माझं दार म्हणजे गाडीचं दार." आणि सोबत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या आपल्या गाडीचा फोटो. त्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी उदगीरच्या उज्ज्वलानं आपल्या ब्यूटी पार्लरचं अर्धं उघडं शटर पाठवलं. कुणी वाळत घातलेल्या शेवया, कुणी नळाच्या रांगेतल्या घागरी. आणि आठवड्याभरात आली ती सूर्यवंशी ताईंची पहिली बोलकी हजेरी.

देवणी तालुक्यातल्या एका खेड्यात सूर्यवंशी ताई अंगणवाडी सेविका होत्या. त्या लिहीत नसत, बोलून पाठवत. मागे पोरांचा गलका. "मॅडम, दारातून आभाळ दिसून राहिलं, पण त्याच्यात पाणी न्हाई. अन् समोर अठ्ठावीस लेकरं हायत, त्यातली चार रडून राहिलीत. पाचवं आता सुरू करतंय बगा." आणि खरंच पाचवं सुरू झालं.

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे. दमलेला असायचा, पण ऐकणाऱ्याला दमवायचा नाही. हळूहळू लोक त्यांना अभ्यासाचं विचारू लागले. मी पाऊण तास शिकवलेलं त्या दोन मिनिटांत सांगायच्या. सामाजिक स्तरीकरण कुणालाच कळलं नव्हतं. ताईंनी पाठवलं, "घरातली गाडग्या-मडक्यांची उतरंड बगा. खालच्या मडक्यावर समद्यांचा भार असतंय. अन् वरच्या गाडग्याला वाटतंय, आपुन हवेवर हाव." नागनाथनं ते दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत ऐकलं आणि लिहिलं, "ताई, तुमी मॅडमपरीस भारी शिकवताव." मला राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा आला, पण लगेच गेला.

त्या का शिकत होत्या हेही मला ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा गेलेला, मुलगी नववीत. मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते, आणि वयाचीही अट असते. एकदा फोनवर त्यांनी मला सगळं मोजून सांगितलं होतं. "मॅडम, पदवी यंदा हातात पडली तर अर्जात बसते मी. पुढच्या साली वय निघून जातंय. वीस वर्षं झाली दुसऱ्याच्या सह्या घेत फिरून. एकदा माझी सही लागू द्या कुठं तरी." मी म्हटलं होतं, होणारच ताई. मला त्यात शंकाच नव्हती. वर्गात पहिल्या येतील असंच मला वाटायचं.

माणसाला यश आलं की त्याला आणखी सुचतं. मी म्हटलं, पडद्यावर नुसती ओळख होते, माणूस कळतो तो जेवताना. म्हणून शेवटच्या वर्षी महिन्यातून एका रविवारी घरभेट ठरवली. प्रत्येक वेळी एकाच्या घरी जमायचं, दोन तास अभ्यास करायचा आणि मग तिथंच जेवायचं. कुणावर बोजा नको म्हणून बेत ठरलेला, पिठलं-भाकरी आणि ठेचा, त्याच्यावर काही करायचं नाही. ज्याला जमेल त्यानं यायचं. पहिली घरभेट नागनाथकडे निलंग्याला झाली. त्याच्या बायकोचा हात मुरगळला होता. सूर्यवंशी ताई आल्या, पदर खोचला आणि सरळ चुलीपुढे जाऊन बसल्या. पंधरा माणसांच्या भाकरी त्यांनी थापल्या. नागनाथची आई बाजूला बसून म्हणत होती, "काय गं बाई हात हाय तुझा, माझ्या सुनंला शिकीव की." ताई हसून म्हणाल्या, "आधी मला पास होऊ द्या, मग शिकविते." त्या दिवशी मी एक फोटो काढला. सगळे पंगतीत बसलेले आणि ताई वाढताहेत. तो फोटो पुढे मी खूप ठिकाणी दाखवला.

मग उदगीर झालं, लातूर झालं, आमच्या घरीही झालं. प्रत्येक ठिकाणी ताई सकाळी पहिल्या गाडीनं निघून यायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा धरण बघायला म्हणून मी सगळ्यांना घेऊन गेले. पाण्याकडे बघत त्या बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं पाणी इथं, अन् आमच्याकडं टँकर." मग स्वतःच हसल्या, "जाऊ द्या, पाण्याला तरी काय माहीत कुणाकडं जायचं."

मार्च अर्धा झाला होता. परीक्षेच्या आधीची शेवटची घरभेट सूर्यवंशी ताईंकडे होती. त्यांनी आठ दिवस आधीच ग्रुपवर बोलून पाठवलं. आवाजात आनंद मावत नव्हता. "वेशीतून आत आलं की डाव्या अंगाला बुद्धविहार हाय. त्याच्या मागचंच घर. कुणालाबी इचारा, सूर्यवंशी बाईचं घर म्हणून. समद्यांनी या बगा. लेकरंबाळं घेऊन या."

मला आधीपासून माहीत होतं. प्रवेशाच्या कागदावर पंचशीला हे नाव मी वाचलं होतं. बाकीच्यांसाठी त्या नुसत्या सूर्यवंशी ताई होत्या, आणि हे आडनाव आमच्याकडे मराठ्यांतही असतं आणि बौद्धांतही. ताईंनी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं धरून चाललं होतं.

त्या निरोपावर दुपारपर्यंत एकही अंगठा आला नाही. ज्या ग्रुपवर माझ्या डोकेदुखीलाही अंगठे पडत होते, तिथं काहीच नाही. संध्याकाळी पहिलं कारण आलं. नागनाथला डबल ड्युटी लागली होती. मग उज्ज्वलाकडे लग्नाच्या नवरीचा मेकअप निघाला. कुणाचे पाहुणे आले, कुणाच्या सासूची साखर वाढली, कुणाची गाडी पंक्चर झाली, तीही चार दिवस आधी. एकेक कारण सुटं धरलं तर खरं वाटावं असं. मला तिसऱ्या कारणालाच कळलं होतं. इथं मी खोटं बोलणार नाही. ज्या बाईनं सगळं आयुष्य जात आणि समाज या विषयावर तास घेतले, तिला ते कळायला तीन निरोप पुरेसे होते.

मग मी काय केलं? मी ग्रुपवर लिहिलं, "उन्हाचा वाढता कडाका लक्षात घेता या रविवारची भेट ऑनलाइन घेऊ या." किती गोड वाक्य आहे. कुणाला दुखवत नाही, कुणाला उघडं पाडत नाही. दोन मिनिटांत सगळ्यांचे जोडलेले हात पडले. इतका सुटकेचा निःश्वास मी कुठल्या ग्रुपवर बघितला नाही. सर्वांत शेवटी ताईंचा अंगठा आला. मी स्वतःला समजावलं की ताईंचा अपमान वाचला. एकोणीस जणांनी न येण्यापेक्षा भेटच रद्द झालेली बरी. आणि मी? मी एकटी जाऊ शकले असते. त्या रविवारी मला काहीही काम नव्हतं. सकाळी मी गॅलरीतली झाडं पुसली आणि दुपारी झोपले.

त्यानंतर ग्रुप हळूहळू शांत झाला. हजेरीची उत्तरं कमी झाली. मला वाटलं, परीक्षा जवळ आली, लोक अभ्यासाला लागले. ताई मात्र रोज सकाळी बोलून पाठवायच्या. "आज दारातून लिंबाचं झाड दिसून राहिलं. मोहर लई आलाय." त्याखाली फक्त माझं उत्तर असायचं. कधी कधी तेही विसरायचं. वर्गाचं काही कळवायचं असलं तर मी नागनाथला फोन करायची, तो सगळ्यांना सांगायचा, मला सोपं पडायचं. त्याच दिवसांत महाविद्यालयात माझं भाषण झालं. पडद्यावर मी पंगतीचा तो फोटो दाखवला आणि म्हटलं, "हा नुसता वर्ग नाही, हे आमचं एक कुटुंब आहे." टाळ्या पडल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि इथं तर दिवाच स्वतःवर खूश होता.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी कळलं की लातूरचं परीक्षा केंद्र बदललंय. जुन्या केंद्राच्या इमारतीचं काही काम निघालं होतं. नवं केंद्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी नागनाथला फोन लावला. "सगळ्यांना कळवा, प्रवेशपत्रावर जुनंच नाव आहे." अर्ध्या तासात त्याचा फोन आला, "कळवलं मॅडम समद्यांना. काही फिकीर करू नका." मी नाही केली.

दुसऱ्या दिवशी मी इथं नांदेडला पर्यवेक्षक होते. पेपरच्या वेळी आमचे मोबाईल कार्यालयात जमा करावे लागतात. तीन तास मी हात मागे बांधून फिरले. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास होता, एक पोरगी पेन चघळत बसली होती. पेपर संपल्यावर मोबाईल हातात घेतला तर सूर्यवंशी ताईंचे सात मिस्ड कॉल.

त्या पहाटेच निघाल्या होत्या. जुन्या केंद्राच्या दाराशी तासभर आधी पोचल्या, तर दाराला कुलूप. राखणदाराला काही माहीत नव्हतं. त्यांना आधी वाटलं, आपण फार लवकर आलो. म्हणून त्या सावलीत बसून वाचत राहिल्या. पेपरला पाच मिनिटं राहिली तरी कुणीच आलं नाही तेव्हा त्यांना धडकी भरली. नागनाथला फोन लावला, बंद. उज्ज्वलाला लावला, बंद. दोघेही नव्या केंद्रावर पेपर लिहीत बसलेले. मग मला, सात वेळा. रस्त्यावर दिसेल त्याला विचारत, रिक्षा करून त्या नव्या केंद्रावर पोचल्या तेव्हा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत. तो नियम मीच कितीदा कडकपणे पाळलाय.

मी फोन केला तेव्हा त्या परतीच्या गाडीत होत्या. मागं कंडक्टरचं तिकिटाचं यंत्र खरखरत होतं. मी विचारलं, "ताई, नागनाथनं कळवलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "कुठं कळवलं मॅडम? ग्रुपवर तर काल माझीच हजेरी हाय फक्त."

मी ग्रुप उघडला. खरंच होतं. "आज दारातून काही सुचंना, उद्याच्या पेपरचंच ध्यान लागलंय." आणि त्याच्याखाली कोणीही नाही, मीही नाही.

उज्ज्वलानं मला सांगितलं. आधी आढेवेढे घेतले, मग रडायला लागली. दुसरा ग्रुप होता. त्या मार्चच्या रविवारानंतर चार दिवसांत निघालेला. त्यात एकोणीस जण होते. "कुणी ठरवून न्हाई केलं मॅडम," ती म्हणाली. "नागनाथभाऊच्या आईनं घरात लई तमाशा केला म्हणे, भाकरीवरून. मंग कुणीतरी म्हणलं, परीक्षेपुरता वेगळा ग्रुप करू, नोटाबिटा टाकायला. ताईला कोण सांगणार, काय सांगणार, कुणालाच कळंना. मंग न्हाईच सांगितलं." नोट्स तिथं होत्या. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिथं होत्या. एकमेकांना धीर देणं, थट्टामस्करी, पेपरला एका गाडीनं जाणं, सगळं तिथं होतं. मला ज्याचं इतकं कौतुक होतं तो सगळा गोतावळा तिथं राहायला गेला होता. माझ्याकडे उरला होता रिकामा वाडा आणि त्यात एका बाईचा आवाज.

नागनाथ स्वतः येऊन भेटला. ड्युटीच्या कपड्यांतच होता. खुर्चीवर बसेना. "मॅडम, आईची शपथ, म्या मुद्दाम न्हाई केलं. ग्रुपवर टाकलं, मला वाटलं समद्यांना गेलं. ताई त्याच्यात न्हाईत हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

"मंग कसं झालं हो असं?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही. तो खरं बोलत होता आणि तेच भयंकर होतं. त्यानं ताईंना काढून टाकलं नव्हतं, त्या त्याच्या ध्यानातून निघून गेल्या होत्या. दोन वर्षं ज्यांचा आवाज कानाला लावून त्यानं अभ्यास केला, त्या बाई दीड महिन्यात 'समद्यां'मधून वजा झाल्या आणि त्याला हिशेब चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. आणि मी तरी? मी त्याला विचारलं नव्हतं, समद्यांना म्हणजे कुणाकुणाला. स्वतःच्या ग्रुपवर एक ओळ टाकायला मला किती वेळ लागला असता? पण मलाही तिथं जायची सवय राहिली नव्हती. तिथं आता कोण असतं, असं मी मनात धरलं होतं. कोण असतं ते मला पक्कं माहीत होतं.

मी अर्ज लिहिले, वरिष्ठांना भेटले, एक विषय पुन्हा घ्यावा म्हणून विनवण्या केल्या. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. नियमाप्रमाणे तो पेपर पुढच्या वर्षी. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. निकाल लागला. एकोणीस जण पास झाले. त्या वर्षीची मुख्यसेविकेची भरती निघाली आणि बंद झाली. मी ताईंना फोन करायची, त्या नीट बोलायच्या, माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या. माझ्यावर चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तेवढं सुद्धा माझ्या सोयीचंच मला हवं होतं.

माणसाला गावकुसाबाहेर टाकायला पूर्वी काय काय लागायचं. वेस लागायची, पंच लागायचे, चारचौघांत तोंडानं बोलावं लागायचं. निदान कुणी टाकलं, कधी टाकलं, हे टाकलेल्या माणसाला कळायचं. आता काही लागत नाही. बोटानं नवा ग्रुप काढायचा आणि एक नाव निवडायचं विसरायचं. जुन्या ग्रुपचं दार उघडंच राहतं. आतला माणूस रोज सकाळी हजेरी देत राहतो. हे मी वर्गात शिकवलं नाही, कारण हे मला माहीत नव्हतं. हे मला सूर्यवंशी ताईंच्या एका वर्षाच्या किमतीत कळलं, आणि ते वर्ष त्यांचं होतं, माझं नव्हे.

यंदा परीक्षेचे फॉर्म भरलेल्यांची आतापर्यंतची यादी आली. राहिलेला पेपर देणाऱ्यांत मी ताईंचं नाव शोधलं. नव्हतं. फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. फोनवर विचारायची माझी छाती होईना. गेल्या रविवारी कोरा फॉर्म घेतला, सकाळची गाडी पकडली, उदगीरला बदलली आणि देवणीकडच्या त्या गावात पहिल्यांदा उतरले. ऊन रणरणत होतं. वेशीजवळ काळ्या-पांढऱ्या देवणी बैलांची जोडी सावलीला बांधलेली होती. मला रस्ता कुणालाही विचारावा लागला नाही. डाव्या अंगाला विहार, त्याच्या मागे घर. एक वर्ष तो निरोप मी कितीदा ऐकला असेल.

ताई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून झटकन उठल्या. "अगं बया, मॅडम! एवढ्या उन्हाचं?" घरात गारवा होता. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली मुलीची दहावीची पुस्तकं. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, गुडघ्याचं विचारलं. मी काहीबाही बोलले आणि फॉर्म पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो वाचला. मग नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"वापस घेऊन जावा मॅडम. दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल."

"ताई, एकच पेपर आहे. पदवी हातात येईल. मी स्वतः केंद्रावर येते तुमच्यासोबत."

"पदवी येईल, हाव. पण वय गेलं की आता." त्या गव्हातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "अन् खरं सांगू का, वाचायला बसलं की त्या कुलपाम्होरंच बसल्यासारखं वाटतंय. अक्षर लागंना."

मला रडू आलं. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. मला तेव्हाच कळलं होतं, लोक का येत नाहीत ते. मी यायला हवं होतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गव्हाचं सूप पुन्हा पुढं ओढलं. बाहेर शेळी ओरडत होती. मुलगी आतून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात शेजारच्या एक आजी काठी टेकत दारात आल्या. कपाळावर हात धरून त्यांनी मला बराच वेळ निरखलं. मग ताईंना विचारलं, "पंचे, ह्याच का गं त्या शाळेच्या बाई? मागच्या साली त्या येणार म्हणून आपुन अंगण सारवलं व्हतं, पोरांनी विहारातल्या सतरंज्या आणून हातरल्या व्हत्या, अन् समदे सांजेपस्तोर वाट बघत बसलो व्हतो?"

सांजेपस्तोर. भेट ऑनलाइन घेऊ, असा माझा निरोप चार दिवस आधीच गेला होता. त्यावर ताईंचा अंगठाही आला होता. तरी त्यांनी अंगण सारवलं होतं. मॅडम तरी येतील, असं त्यांना वाटलं असणार.

ताईंनी सूप खाली ठेवलं. "हाव आत्या," त्या म्हणाल्या, "ह्याच. यायला जरा उशीर झाला त्यांना."